मामांच्या रजिस्टरातलं न परतलेलं फंक्शन

मामांच्या शेवटच्या मेसेजला मी रिप्लाय दिलाच नाही.

वाचला मात्र होता. निळ्या टिका गेल्या होत्या.

आज वर्ष झालं. केजला वर्षश्राद्ध आटोपून पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलेय. डोकं अजून ठिकाणावर नाही.

मामा एसटीत कंट्रोलर होते. कुठली गाडी गेली, कुठली परत आली, आयुष्यभर हेच लिहिलं. रिटायर झाल्यावर माझा जुना लॅपटॉप मागून घेतला.

"तू दिसभर काय करतीस ते शिकव मला."

मी कॉम्प्युटरच्या कर्नलवर काम करते. आता हे कसं सांगायचं? म्हटलं, मामा, कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, तो बाकीच्यांना कामाला लावतो.

"म्हंजी डेपोच की गं!"

मग ट्रेसिंग शिकवलं. एक बटण दाबलं की आत कुठकुठली फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, चालतात, त्याचं रेकॉर्डिंग. फंक्शन कामाला गेलं की एक ओळ, परत आलं की एक ओळ. पहिल्याच दिवशी मामांनी फिल्टर न लावता रेकॉर्डिंग चालू केलं. हजारो ओळी!

"आरारा! लई गर्दी हाय. ह्याच्यापरीस दिवाळीचा स्टँड बरा."

रोज फोन. मीटिंग चालू असली तरी फोन. एकदा मी वैतागून विचारलं, ह्या वयात कशाला हवंय तुम्हाला हे?

"कावून म्हंजी? चालतंय कसं ते बघू वाटतंय."

मला तेव्हाही कळलं नाही. आजही नीट कळत नाही.

मग गुरुवारी तो मेसेज.

"एक फंक्शन गेलं ते परत आलंच न्हाई. माज्या हातून काय बिघडलं का?"

दोन मिनिटांचं उत्तर होतं. म्हटलं, रविवारी निवांत सांगू.

शनिवारी मामा गेले. हार्ट अटॅक.

आज मामीनं त्यांचं रजिस्टर हातात दिलं. दोन रकाने आखलेले. गेलं. आलं.

फंक्शनांची नावं, पुढं टिक. पान न् पान भरलेलं. शेवटच्या सात पानांवर मात्र एकाच नावापुढं 'आलं'चा रकाना रिकामा. सातदा करून बघितलं होतं बिचाऱ्यांनी. बाजूला पेन्सिलनं लिहिलंय, "मुक्कामी?"

रात्री खेड्यात थांबून सकाळी परतते ना, ती मुक्कामी गाडी.

मामी म्हणाली, "दोन दिस जेवताना बी तेच. गाडी आल्याबिगर कंट्रोलरनं गेट सोडायचं न्हाई म्हणायचे. एवढं काय हुडकत होते गं?"

मला माहीत होतं. रजिस्टर पिशवीत घातलं आणि स्टँडवर आले.

मामा, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं हो.

'रेकॉर्डिंग बंद कर' हा तुमचाच निरोप घेऊन ते फंक्शन गेलं होतं. त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. मग त्याचं परत येणं लिहिणार कोण?

ते आलं होतं, मामा. सातही वेळा.

एवढंच सांगायचं होतं. आता कुठं पाठवायचं ते कळेना, म्हणून इथं लिहिलं.

रिकाम्या रकान्यांत मी आत्ता टिका केल्या.

गाडी आली मामा. आता गेट सोडा.