वरच्या वहिनींची सूर्यचूल

फॉर्म मी आणला होता. पुढचं ऐकून मला काय म्हणायचं ते म्हणा, पण फॉर्म मी आणला होता, एवढं आधी सांगून ठेवते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची बँकेतली बदली पुण्याहून कलकत्त्याला झाली आणि नवरा, मी आणि माझ्या सासूबाई असे तिघं बालीगंजला एका दुमजली घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहायला आलो. वरच्या मजल्यावर अर्ध्या भागात घराच्या मालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळे माशीमा म्हणत. उरलेल्या दोन खोल्यांत दुसरं मराठी बिऱ्हाड होतं, नवरा-बायको दोघंच. परक्या गावात मराठी शेजार मिळाला म्हणून नवरा खूश झाला. मीही झाले, साधारण आठवडाभर.

वरच्या वहिनी जन्मल्या कलकत्त्यातच. आजोबा कधीतरी नोकरीला इथे आलेले, ते इथलेच झाले. वहिनी एका शाळेच्या सकाळच्या वर्गांना शिकवायच्या आणि बंगाली अशी बोलायच्या की मासळीवालीसुद्धा त्यांना आपलीच समजायची. मी भाजीवाल्यासमोर माझं हिंदी जुळवत उभी असायची, तोवर त्यांची पिशवी भरलेली असायची. आणि त्यांचं मराठी? त्यांना चहा पितात हेच माहीत नव्हतं. बंगाल्यांसारखा त्या चहा खायच्या, पाणी खायच्या. "ताई, चहा खाऊन जा ना," असं म्हणायच्या आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायका हरखून जायच्या, किती गोड बोलतात म्हणे. माझं मराठी नारायण पेठेतलं, स्वच्छ धुतलेलं. त्याला कधी कोणी गोड म्हटलं नाही.

आता दुसरी गोष्ट, तीही आधीच सांगते, म्हणजे नंतर लपवली असं व्हायला नको. वहिनींना दमा होता. त्यांचा स्वयंपाक दगडी कोळशाच्या शेगडीवर, तिकडे तिला उनून म्हणतात. शेणी आणि कोळसा घालून ती पेटवली की अर्धा तास नुसता धूर, आणि त्या धुरात वहिनींचा खोकला. आमच्या छतातून तो खाली ऐकू यायचा. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गॅससाठी त्यांचा नंबर कित्येक वर्षं लागत नव्हता, रॉकेल मिळायची मारामार, आणि विजेची शेगडी घ्यावी तर दिवसातून चार-पाच तास वीजच गायब.

आणि माझ्याकडे गॅस होता. बदलीबरोबर बँकेने सोय करून दिली होती.

अशात एके दिवशी नवऱ्याने बँकेतून एक छापील कागद आणला. सरकारने सूर्यचूल काढली होती. काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी, वर एक आरसा, आत काळे रंगवलेले डबे. पेटी उन्हात ठेवायची आणि भात-वरण आपोआप शिजतं म्हणे. निम्मी किंमत राज्य सरकार देणार, पालिका वर आणखी सूट देणार, पण अटी होत्या. एका घराला एकच चूल. घरमालकाची सही हवी. गच्चीवर दहा ते दोन अखंड ऊन हवं. आणि सहा महिन्यांत तीनदा साहेब येऊन तपासणार. तिन्ही वेळा अन्न शिजलेलं दिसलं तर सूट कायम, नाहीतर चूल परत.

नवरा म्हणाला, गंमत म्हणून आणलाय, आपल्याला काय करायचंय, आपल्याकडे गॅस आहे. पण मला ती चूल पाहिजे होती. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. बहुतेक मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात कोणीतरी माझ्याबद्दल बोलावं म्हणून. मी कागद घेऊन माशीमांकडे गेले आणि माझ्या हिंदीत त्यांना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, कागद ठेवून घेतला.

दोन दिवसांनी सही झाली. वहिनींच्या नावाने.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी नवऱ्याला दिवसभर ऐकवलं. गोड बोलून सही काढली, बंगालीत गुळचट बोलून म्हातारीला गुंडाळलं, असं आणि बरंच काही. वहिनी स्वतः खाली आल्या आणि अवघडून म्हणाल्या की माशीमांनीच बोलावून नाव घातलं, त्यांना खोकला ऐकवत नाही म्हणून. ताई, तुम्हाला हवी तेव्हा तुम्हीही वापरा, दोघींची आहे असं समजू. मी म्हटलं, छे, मला कशाला, माझ्याकडे गॅस आहे. तोंडावर हसू इतकं ठेवलं होतं की गाल दुखले.

पहिल्या पावसाळी महिन्यांत ती पेटी नुसती शोभेची होती आणि मी मनातून खूश होते. पण दुर्गापूजा संपली, आभाळ उघडलं आणि चूल चालायला लागली. वहिनी साडेदहाला शाळेतून येऊन डबे पेटीत ठेवायच्या, अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे वळवायच्या, दीड वाजता दोन्ही वेळचा भात मोकळा. साहेब एकदा आले, दुसऱ्यांदा आले, दोन्ही वेळा खूश होऊन गेले. मंडळातल्या बायका डमडमहून आणि बेहालाहून बस बदलत बदलत ती पेटी बघायला यायच्या, आणि जिना कुठे आहे ते मला विचारायच्या. मला!

सगळ्यात वाईट म्हणजे खोकला कमी झाला. दुपारी-संध्याकाळी छतातून आता काहीच ऐकू यायचं नाही. माणसाला बरं वाटावं असा तो शांतपणा. मला तो सहन होत नव्हता. त्या शांततेत मला फक्त एवढंच ऐकू यायचं की फॉर्म मी आणला होता. एकदा त्यांनी वाटीभर मसुराची खिचडी पाठवली. उत्तम होती. सासूबाईंनी बोटं चाटली. मी म्हटलं, जरा कच्ची राहिली आहे. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि वाटी पुसून खाल्ली.

पौष लागला. तिसऱ्या तपासणीचा दिवस वहिनींनी स्वतःच मला सांगितला. ही एवढी पार पडली की चूल आमची झाली, ताई, असं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या पोटात दुखायला लागलं, अगदी खरोखरचं.

आता गच्चीची रचना सांगायला हवी. शेजारी नवी तीन मजली इमारत झाली होती, तिची सावली अर्ध्या गच्चीवर. दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, तिची सावली निराळी. पौषात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून दहा ते दोन अखंड ऊन मिळेल अशी एकच जागा उरायची. साहेबांनी तिथे खडूने चौकोन आखून दिला होता. त्या चौकोनाच्या दक्षिणेला कपडे वाळत घालायची तार होती. तिच्यावर हिवाळ्यात कोणी काही घालायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं.

सासूबाईंचं पूजेचं सोवळं कडक. दुसऱ्या दिवशी पूजेला नेसायचं सुती नऊवारी लुगडं धुवून वाळत घातलं की त्याला कोणी शिवायचं नाही. शिवलं तर ते ओवळं झालं, पुन्हा धुवा. रोज ते मी मागच्या व्हरांड्यात उंच दांडीवर काठीने घालायची. त्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी ते ओलं लुगडं घेऊन जिना चढले. व्हरांड्यात ऊन येत नाही, वाळत नाही, असं कारण मनात तयार होतं. विचारलं कोणीच नाही. तारेवर मी ते पूर्ण उलगडून, आडवं पसरून घातलं. नऊ वार. खडूचा चौकोन सावलीत बुडाला. मी काठी भिंतीला टेकवली आणि खाली येऊन कणीक मळायला घेतली.

वहिनी साडेदहाला आल्या, वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. शाळेची पर्स अजून खांद्यालाच होती.

"ताई, वर सोवळं वाळतंय. मला त्याला काय, काठीलाही हात लावता येत नाही. तुम्ही जरा सरकवता का? साहेब यायचे आहेत."

दुसऱ्या कुठल्या बाईने ते लुगडं सरळ बाजूला ओढलं असतं. बंगाली बाईला ते निव्वळ लुगडं दिसलं असतं. कलकत्त्यात जन्मलेल्या, चहा खाणाऱ्या या बाईला मात्र सोवळं म्हणजे काय ते नीट माहीत होतं. आणि त्यांना ते माहीत आहे हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "माझे हात आता खरकटे झाले, वहिनी. आणि सासूबाई पूजेला बसल्यात. वाळलं की काढते."

त्या क्षणभर माझ्या कणकेने भरलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या आणि वर गेल्या. पेटी इकडून तिकडे ओढल्याचा आवाज मला कितीतरी वेळ येत होता. जिथे लुगड्याची सावली नव्हती तिथे इमारतीची होती, इमारतीची नव्हती तिथे टाकीची.

दीड वाजता साहेब आले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, लुगडं काढायला आल्यासारखी. साहेबांनी डबा उघडला. तांदूळ पाण्यात तसेच. त्यांनी मान वर केली, लुगड्याकडे बघितलं, म्हणाले, हे कोणी घातलं इथे? आणि बाजूला करायला हात पुढे केला. एवढं बंगाली मला तोवर कळायला लागलं होतं.

वहिनी मध्ये आल्या. हात लावू नका, म्हणाल्या. खालच्या आजींचं पूजेचं वस्त्र आहे, परक्याचा हात लागला तर त्यांना चालणार नाही. साहेबांनी समजावलं, दोन तास थांबतो म्हणाले, फक्त हे कापड हलवा. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, चार पावलांवर. मी पदर सारखा केला. मग त्यांनी साहेबांना सांगितलं की नको, ते आज हलवता येत नाही.

साहेबांनी कागदावर लिहिलं की या गच्चीवर अखंड ऊन मिळत नाही. सूट रद्द झाली. पूर्ण किंमत भरणं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. चार दिवसांनी हातगाडी आली आणि पेटी घेऊन गेली. वहिनींनी तिची काच ओल्या फडक्याने पुसून दिली, जाताना घाण नको म्हणून.

त्याच संध्याकाळी उनून पेटलं. मी भाकरी थापत होते, गॅसची निळी ज्योत समोर, आणि वरून खोकला. पूर्वीचाच. मला वाटलं होतं, मला आता बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला सांगू. मग खोकला थांबेना.

सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी इतके दिवस चकार शब्द काढला नव्हता. माझ्या समोर त्यांनी ते लुगडं आणून ठेवलं, घडी केलेलं.

"हे आता बोहारणीला देऊन टाक," त्या म्हणाल्या. "याला कोणी शिवलं नाही ते मला माहीत आहे. तरी मी हे देवापुढे नेसणार नाही."

भाकरी तव्यावर करपली, ती काढली, गॅस बंद केला आणि वर गेले. जिन्यात धूर होता. वहिनी दाराशी उकिडव्या बसून पंख्याने शेगडीला वारा घालत होत्या. डोळे लाल, श्वास घरघरत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की लुगडं मी मुद्दाम घातलं होतं.

त्यांनी पंखा थांबवला नाही. "माहीत आहे," म्हणाल्या. दम लागला म्हणून थोडं थांबल्या. मग पदराने पाट पुसून पुढे सरकवला.

"बसा ताई. चहा खाऊन जा."

मी नको म्हणू शकले नाही. त्यांनी आधण चढवलं. कोळसा ओला असावा, पेटायला वेळ लागत होता, आणि त्या फुंकत होत्या, खोकत होत्या, पुन्हा फुंकत होत्या. खाली माझ्या ओट्यावर गॅस होता, पाच मिनिटांत चहा झाला असता. ते सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर बसून राहिल्या, मी तो संपवेपर्यंत.