बंदरबाईंचं गलबत

बंदरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. "उजवीकडून वाळवी लागलीय, बघून घ्या," असं पहिल्याच भेटीत यजमानांना सांगायला त्यांना काही वाटत नसे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर लोकांनी पुन्हा बोलावलं नसतं. बाईंना मात्र लोक आग्रहानं आत नेत, कपाट वाजवून बघा, पाळणा वाजवून बघा म्हणत. मी त्यांच्या शेजारी चहाची बशी धरून बसलेली असायचे.

बेळगावच्या मुलींच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो आणि टिळकवाडीत एका वकिलांच्या बंगल्यामागं दोन खोल्यांत एकत्र राहत होतो. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, आमच्या भावकीत मास्तरीण झालेली पहिलीच. बाई वेंगुर्ल्याच्या. त्यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते, खलाशांचे नायक. म्हणून मुलींनी त्यांचं नाव बंदरबाई ठेवलं. मला मुलींनी कसलंच नाव ठेवलं नव्हतं. माझं गणित चांगलं होतं, अक्षर चांगलं होतं, माझ्या वर्गाचा निकाल बाईंच्या वर्गापेक्षा नेहमी वर असे. तरी सुट्टीत मुली गोळा व्हायच्या त्या बाईंच्या भोवती.

आजोबा ज्यावर होते ते गलबत आगबोटींनी काम हिरावल्यापासून वेंगुर्ल्याच्या खाडीत आडवं पडलं होतं. एका मे महिन्यात बाई गावाहून परतल्या त्या बातमी घेऊनच. गलबताच्या मालकानं ते चुन्याच्या भट्टीला जळणासाठी द्यायचं ठरवलं होतं. बाईंनी त्याच्या दारात बसून मुदत मागून घेतली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गलबत पाण्यात उतरलं तर बाईंचं, नाहीतर भट्टीचं. दुरुस्तीला लागेल ते बेळगावातूनच गोळा करायचं असं बाईंनी ठरवलं.

"बेळगावला समुद्र नाही बाई," आमचे घरमालक वकील हसून म्हणाले. "इथले लोक तुमच्या गलबताला कशाला मदत करतील?"

बाईंनी त्यांच्या दिवाणखान्यातल्या लंबकाच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. "वकीलसाहेब, हे घड्याळ कुठल्या वाटेनं आलं?"

आतून त्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, "मामंजींनी मुंबईहून आणलं ते. वेंगुर्ल्यापर्यंत गलबतानं, आणि घाट चढताना गड्यानं डोक्यावर धरलं होतं."

तिथून बाईंना धागा सापडला. रेल्वे येण्याआधी मुंबईचा माल बेळगावला येई तो वेंगुर्ल्याला उतरून, घाट चढून. बाई घरोघर जाऊन विचारू लागल्या, तुमच्याकडं गलबतानं आलेलं काय आहे? कुठं देवळातली घंटा निघाली, कुठं छापखान्याचं जुनं यंत्र, कुठं हंड्या-झुंबरं. लोक फडताळातून वस्तू काढून पुसायला लागले. बाई कुणाकडं पैसे मागत नसत. "तुमच्याकडं जे असेल ते द्या," म्हणत. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं दोरखंड दिले. खासबागेतल्या विणकरांनी शिडाचं जाड कापड विणायचं कबूल केलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, लुगडी लई विणली. वाऱ्याला नेसवायचं कापड पयल्यांदाच विणतूया." हे वाक्य गावभर झालं. सगळे अर्ज, विनंत्या माझ्या अक्षरात लिहिलेल्या होत्या, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. बाई सांगायच्या, नाही असं नाही. "हे शांताचं अक्षर हो," म्हणायच्या. समोरचा माणूस "व्हय का" म्हणायचा आणि पुन्हा बाईंकडं वळायचा.

एका रविवारी बाई माझ्याबरोबर आमच्या गावी आल्या. आमच्या आप्पांचा स्वभाव फार कमी बोलण्याचा. मी शिकले, नोकरीला लागले, तरी आप्पांनी माझी शाळा कधी पाहिली नव्हती. बैल विकायला बेळगावला येत आणि परस्पर परत जात. परसात आजोबांनी लावलेला फणस होता. मागं मी पुस्तकांच्या कपाटासाठी त्याची एक फांदी मागितली होती. आप्पा म्हणाले होते, "त्या झाडाला कोयता लावायचा न्हाय." मी पुन्हा विषय काढला नव्हता.

बाई परसात गेल्या, फणसाच्या बुंध्याला टेकल्या, आणि सवयीनं टकटक करून ऐकू लागल्या. आप्पा ओट्यावरून बघत होते.

"काय म्हनतंय झाड?" त्यांनी विचारलं.

"आतून निरोगी आहे आप्पा. पण आणखी काही पावसाळ्यांनी पोखरेल. वरच्या बेचक्यात पाणी साठतंय."

आप्पा स्वतः वर चढून बेचक्यात हात घालून आले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "फणस बोटीला चालतो का?"

"तळाच्या फळ्यांना फणसासारखं लाकूड नाही," बाई म्हणाल्या.

"मग न्हे. मी काय समुद्र बगितला न्हाय. लाकडानं तरी बगू दे."

मी भांडी घासायला उठले. आईला वाटलं मला बरं नाही.

थंडीत झाड पडलं. ओंडके कापून आप्पांनी स्वतःची गाडी जुंपली आणि आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याला निघाले. शाळेनं बाईंना रजा दिली, कारण त्यांचे वर्ग मी घेईन असं बाईंनी सांगितलं होतं, आणि मी घेतलेही. आप्पा माल टाकून परत येतील असं आम्हाला वाटलं. ते राहिले. बाईंनी दुरुस्तीला लावलेल्या सुतारांबरोबर तासणी धरली, तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटींत ठोकला. गलबत पाण्यात उतरल्यावरच घरी आले.

ते आले त्या रविवारी मी गावी होते. ओट्यावर शेजारी जमले होते आणि आप्पा बोलत होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "भरती आली तसं सगळ्यांनी दोर धरला. कोळी, बामन, मुसलमान, कोन कोन ते कळंना. बाई पाण्यात कमरंपातूर उभारलेली. गलबत जरा हाललं, आन् एकदम गेलं की रं. आमचा फणस पाण्यात गेला." मग म्हणाले, "बाईसारखी बाई न्हाय." मी आत चुलीपाशी होते. मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं.

पुढं लढाई सुरू झाली. आगबोटी सरकारनं लढाईच्या कामाला ओढून नेल्या, आणि अडगळ ठरलेल्या गलबताला मीठ आणि कौलं न्यायचं काम मिळालं. गलबताचा कारभार बघायला बाईंनी शाळा सोडली. मुख्याध्यापिकेची जागा त्यांना मिळणार हे ठरल्यासारखं होतं, ती मला मिळाली. त्यांना निरोप द्यायला मोटारीच्या अड्ड्यावर वकिलांच्या आई आल्या, खासबागेतले विणकर आले, शाळेच्या मुली रडून लाल झालेल्या. आप्पाही आले, डोक्याला पटका बांधून. बाई माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "शांता गो, तू ये हां. तू अजून ते पाहिलं नाहीस." मी शाळेचं काम पुढं केलं. वर्षानुवर्षं करत राहिले.

आप्पा गेले तेव्हा बाई तेराव्याला आल्या. हमसाहमशी रडल्या. मला रडू आलं नाही. बायका माझ्याकडं बघत होत्या. जाताना बाईंनी काही न विचारता माझी पिशवी भरली आणि मला बरोबर नेलं.

गलबत खाडीत उभं होतं. मी आमची फळी ओळखायला गेले, पण ती तळाची, बाहेरून तर नुसतं पाणीच दिसत होतं. बाई मला आतल्या पोटात घेऊन गेल्या. मिठाचा आणि तेलाचा वास होता. त्यांनी वाकून एका पिवळसर फळीवर माझा हात ठेवला. लाकूड गार होतं, आणि पलीकडून पाणी थोपटत होतं ते तळव्याला कळत होतं.

"काम चालू होतं तेव्हा दुपारी आप्पा इथं बसायचे," त्या म्हणाल्या. "ह्या फळीला पाठ लावून भाकरी खायचे."

माझ्या बापाची बसायची जागा मला ह्या बाईनं दाखवावी, ह्याचा इतका राग आला की डोळे भरून आले, आणि मग थांबेनात. बाईंनी ते पाहिलं असणार. त्या शिडी चढून वर गेल्या आणि माझं होईतो कुणालाही खाली येऊ दिलं नाही.

एवढी समज त्यांच्याकडं होती. मला तिचाही हेवा वाटला.