जुनी नाणी, ताजे प्रश्न

जुन्या नाण्यांचा धंदा करणाऱ्याकडं नाण्यांपेक्षा गिऱ्हाइकांचे प्रश्नच जास्त साठतात. मी शिरूरचा, दिवसभर एमआयडीसीत नोकरी. पार्टनर रफिकभाई दौंडचे. ते भंगारवाल्यांकडून, सराफांकडून नाणी गोळा करतात. मी फोटो काढून ऑनलाइन टाकतो आणि लोकांना उत्तरं देतो. नाणी निदान विकली तरी जातात, प्रश्न आमच्याकडंच राहतात!

*

एका शिवराईचे मी दोन फोटो टाकले, एक पुढून, एक मागून. शिवराई म्हणजे छत्रपतींच्या काळापासून चालत आलेला तांब्याचा पैसा. पुण्याहून मेसेज आला, "दोन्ही बाजू याच किमतीत मिळतील, की मागची वेगळी घ्यावी लागेल?"

मी रफिकभाईंना वाचून दाखवलं. ते चहा ढवळत म्हणाले, "सांग त्याला, ह्या म्हैन्यात मागची बाजू फ्री हाय."

तसं कळवलं. साहेबांनी लगेच तशा दोन शिवराया मागवल्या!

*

एका बाईंनी नाणं परत पाठवलं. कारण लिहिलं होतं, 'वापरलेलं निघालं.'

आता शे-दोनशे वर्षांपूर्वीचं नाणं कुणीच न वापरलेलं कुठून आणायचं? मी जाम चिडलो. रफिकभाईंनी मात्र बाईंना फोन लावून माफी मागितली. "ताई, पहिल्या मालकाला आमी सांगितलं व्हतं, जपून वापर म्हणून. ऐकलं न्हाई त्यानं."

बाईंनी पुढं आमच्याकडून बरीच खरेदी केली.

*

खुटबावच्या एका मामांनी व्हिडिओ पाहिला होता की ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची जुनी नोट लाखोंना जाते. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, चहा पाजला आणि देव्हाऱ्यातून नोट काढली. अशा नोटा ढिगानं पडल्यात, व्हिडिओवाले फसवतात, हे रफिकभाईंनी त्यांना नीट समजावलं.

मामा म्हणाले, "बरं, लाख ऱ्हाऊ द्या. नोटंवर हाय त्यो ट्रॅक्टर तरी द्या!"

निघताना त्यांनी पिशवीभर कांदे दिले. नोट पुन्हा देव्हाऱ्यात गेली.

*

आमच्या आईला काळं पडलेलं तांबं बघवत नाही. एकदा पार्सलसाठी काढलेली सगळी नाणी तिनं चिंच लावून लख्ख घासली. "लोकांच्या घरी असं काळं कसं पाठवायचं?"

नाणी जमवणाऱ्यांना तर तो काळा थरच, त्यांच्या भाषेत पॅटिना, हवा असतो! तो गेला की नाण्याची किंमत गेली. आठवड्यानं नाशिकच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तो नेमका आईनं उचलला. पलीकडून आरडाओरडा, "अहो, ह्याच्यावरची पॅटिना कुठं गेली?"

"कुठं जातीय? मोरीत गेली!"

*

आणि मग एक दिवस कवठे येमाईच्या आबांचा फोन आला. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता शेती. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी आमच्याकडचा भोकाचा पैसा पाहिला होता. इंग्रजांच्या शेवटच्या काळातला हा पैसा आया करगोट्यात ओवून तान्ह्या बाळाच्या कमरेला बांधायच्या.

"ह्यो कुणाच्या कमरंला व्हता?" आबांनी विचारलं.

"ते कसं कळणार, आबा?"

"कळाया पायजे. आन् ते पोरगं जगलं का?"

मला हसूच येणार होतं. तेवढ्यात आबा म्हणाले, "माज्या नातीला सातव्या म्हैन्यातच पोरगं झालंय. दवाखान्यात काचंच्या पेटीत ठिवलंय. डॉक्टर म्हंत्यात, आत्ता काय बी सांगता येत न्हाई. जगलेल्या पोराच्या कमरंचाच पैसा पायजे मला."

हो म्हणून नाणं देऊन टाकणं सोपं होतं, पण जीभ रेटेना. "खरंच माहीत नाही, आबा," एवढंच म्हणालो.

फोन स्पीकरवर होता, शेजारी बसलेली आई सगळं ऐकत होती. "त्यास्नी म्हणावं, घरी या," असं म्हणून ती उठली. ट्रंक उघडली, तळाशी हात घातला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा बाहेर काढला. तो घरात आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

दुपारी आबा आले. पाण्याला हातही न लावता त्यांनी तोच प्रश्न आईला विचारला.

"ह्याच्या," आईनं माझ्याकडं बोट केलं. "सातव्याच म्हैन्यातला हाय. डॉक्टरनी आशा सोडली व्हती."

आबांनी मला निरखायला सुरुवात केली. टक्कल पाहिलं. गाल पाहिले. शर्टाच्या बटणांना ताण देणाऱ्या पोटावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. त्यांचे डोळे भरून आले. पैसा कपाळाला लावून त्यांनी धोतराच्या सोग्यात घट्ट बांधला आणि आईपुढं हात जोडले.

"आक्का, ह्याच्या निम्मा गुण आला तरी लई झालं!"