माशांचे पाणी

महाडच्या पेठेतल्या एका दवाखान्यात माझी आत्या कामाला होती. झाडलोट करायची, औषधाच्या बाटल्या धुवायच्या, पट्ट्या उकळायच्या. पडवीत रोग्यांसाठी पाण्याचा माठ असे, तो मात्र कंपाउंडर भरी. माठाला हात लावू नकोस असे आत्याला कुणी कधी सांगितले नव्हते. सांगावे लागतच नव्हते. डॉक्टर भले गृहस्थ होते. आमच्या वस्तीतल्या माणसांची नाडी ते बिनदिक्कत हातात घेत. पण दवाखाना राहत्या घरातच होता, माठ घरातला होता आणि घर डॉक्टरांच्या आईच्या शब्दावर चाले.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. आम्ही धर्म बदलला त्याला दोन-तीन वर्षे झाली होती. वडील दर मार्चला चवदार तळ्यावरच्या सभेतून पत्रके आणि पातळ पुस्तिका घेऊन येत. घरात वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून मी त्या पाठ होईपर्यंत वाचल्या होत्या. माणसाचा हक्क कशाला म्हणतात ते मला भूगोलाच्या आधी कळले. शाळा सुटली की मी दवाखान्यात जाई आणि काम आटोपल्यावर आत्याबरोबर घरी येई.

त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मेहुण्यांनी मुंबईहून काचेची एक पेटी आणून ठेवली. लोखंडी चौकट, चार बाजूंना काच, तळाला वाळू, आणि आत सोनेरी मासे. असले काही आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. पोलादपूरकडून एस.टी.ने आलेली माणसे आपले दुखणे विसरून पेटीपुढे उभी राहत. कापडे गावचा एक शेतकरी बराच वेळ बघून म्हणाला होता, "कालवनाला पन पुरायचा नाय, आनि याला येवडी हवेली." सगळा बाक हसला होता.

पेटीतले पाणी दर दोन दिवसांनी थोडे काढून ताजे घालावे लागे. कंपाउंडरला त्याचा कंटाळा, म्हणून ते काम आत्याकडे आले. त्या घरात आत्याच्या हातचे एवढे एकच पाणी भरले जात होते. मला त्याचा संताप येई. माणसांचे पाणी चालत नाही आणि माशांचे चालते, हा मान की अपमान, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "भरते तर खरी. तू तुजी पुस्तकं बघ." ती विहिरीचे पाणी आदल्या दिवशी काढून बादलीत ठेवी, गाळून घेई, आणि इतक्या हळू ओती की वाळू हलत नसे. मासे तिची सावली पडताच वर येत. ते तिला आवडत होते, आणि तिला ते आवडतात हेही मला सहन होत नव्हते.

थंडीत मेहुणे पुन्हा आले. येताना बरणीतून चार नवे मासे आणले, आणि आल्या आल्या बरणी पेटीत उपडी केली. आठवडाभराने माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. रव्याचे दाणे चिकटावेत तसे. आधी शेपटीवर, मग कल्ल्यांजवळ. मासे तळाच्या दगडाला अंग घासत, पर मिटून कोपऱ्यात उभे राहत. एका सकाळी त्यातला एक मरून वर आला.

बाक भरलेला होता. डॉक्टरांच्या आई आतून आल्या, पेटीकडे बघून थांबल्या आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "पाणी कुणाच्या हातचं असावं, यालाही काही असतं."

आत्या तिथेच बाटल्या पुशीत होती. तिने हातातली बाटली खाली ठेवली नाही. बाकावरच्या कुणी मान वर केली नाही. डॉक्टर आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकले. दुपारी त्यांनी आत्याला सांगितले की उद्यापासून मासे कंपाउंडर बघेल, तुला बाटल्यांचेच काम पुष्कळ आहे. आवाज फार मऊ होता.

हे मला त्या संध्याकाळी वाटेत कळले. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला आहे, आपण अर्ज करू, पत्रक काढू, पेठेत वाटू, असे मी सावित्री नदीच्या काठापर्यंत बडबडत आले. आत्याने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "कागूद लोक वाचतात नि टाकतात. ती बोलली ते बाकावरच्यांनी ऐकलंन. ते आता गावोगाव गेलं." तिचे खरे होते. कापडे काय, पोलादपूर काय, माणसे घरी जाऊन औषधाच्या आधी ही गोष्ट सांगणार होती. तिला नोकरीची काळजी नव्हती, बाटल्या धुवायला दुसरे कुणी मिळाले नसते. तिच्या हाताने जीव मेले, एवढे तिच्या नावावर लागले होते, आणि ते तिला पुसायचे होते.

कंपाउंडर पाणी घालू लागला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले. मासे स्वच्छ दिसू लागले. डॉक्टरांच्या आई नुसत्या आत्याकडे बघून गेल्या. ते बघणे मी स्वतः पाहिले. माझ्याजवळची सारी पुस्तके त्या एका नजरेपुढे गप्प बसली. हात बदलला, रोग गेला. याला उत्तर काय द्यायचे?

उत्तर माशांनीच दिले. थोड्याच दिवसांत ठिपके परत आले, आणि आता एकही मासा सुटला नाही. एकेकाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे झाले. दोन दिवसांत तीन मेले. कंपाउंडरच्या हाताबद्दल मात्र कुणी काही बोलले नाही.

डॉक्टरांनी मेहुण्यांना निरोप धाडला आणि ते रविवारी आले. पेटीत डोकावले मात्र, ते हसायला लागले. म्हणाले, हे तर माझेच पाप. मुंबईच्या दुकानांत हा रोग नेहमीचा. नवे मासे तो घेऊन आले आणि मी घाईने ते आत सोडले. मग त्यांनी डॉक्टरांना सगळे समजावले. आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. तो ठिपका म्हणजे डाग नव्हे, कातडीखाली शिरलेला एक बारीक जीव. पोसला की तो आपण होऊन गळून पडतो. लोकांना वाटते, मासा बरा झाला. पण तो तळाशी बसतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते शेकडो पुन्हा मासा शोधत निघतात. औषध लागू पडते ते असे पोहत असतानाच. कातडीखाली त्याला काही होत नाही. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचे नाही. पाणी कोमट ठेवायचे, म्हणजे त्याचा फेरा लवकर पुरा होतो. आणि पुढच्या वेळी नवे मासे आधी वेगळ्या भांड्यात ठेवायचे, त्यांची जाळी वेगळी, बादली वेगळी.

वेगळी बादली हे शब्द कानावर पडले आणि माझे डोके तापले. मी काही बोलणार इतक्यात आत्यानेच विचारले, "किती दिस येगळं?"

"दोन-तीन आठवडे. अंगावर काही उठलं नाही, की सोडायचं आत."

"मंग सोडतात?"

"सोडतात म्हणजे काय? त्यासाठीच तर आणलेले असतात."

मेहुण्यांसाठी आतून चहा आला. आत्या बाटल्यांकडे वळली. जाताना ती मला हळूच म्हणाली, "त्यांचं बरं हाय गो. तीन आठवड्यांनी कोन तरी बघतंय तरी."

मी आजवर पुष्कळ लिहिले आहे, पण या वाक्याच्या पुढे मला जाता आलेले नाही. रोगासाठी वेगळे ठेवतात त्याला कारण असते, तपासणी असते आणि शेवट असतो. आम्हाला ठेवले त्याला यांतले काहीच नव्हते. त्या दिवशी माझा राग वेगळेपणावरून उठला आणि जिथे बसायला हवा तिथे जाऊन बसला.

पाणी कोमट ठेवणे कंपाउंडरच्याने होईना. डॉक्टरांनी आत्याला विचारले, आणि विचारताना ते टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. आत्या म्हणाली, "करते. पन बरे झाले तर मला काय तरी मागायचं हाय." पगार वाढवून हवा असेल असे त्यांना वाटले असावे. त्यांनी मान डोलावली.

तिने औषधाच्या मोठ्या बाटल्यांत कढत पाणी भरून, बुचे घट्ट मारून त्या पेटीत तरंगत सोडल्या. निवल्या की बदली. दवाखान्यातल्या रबरी नळीने तळाची घाण ओढून काढी आणि तेवढेच कोमट पाणी घाली. मेहुण्यांनी सांगितलेल्या बेताने जाडे मीठ विरघळवून घातले. डॉक्टर स्वतः निळ्या औषधाचे थेंब मोजून टाकीत. पेटी शाईच्या दौतीसारखी दिसे, मासे त्यात सावल्यांसारखे हलत. रात्रीसाठी पेटीवर घोंगडी. जाळे आणि बादली रोज उन्हात. बाकावरून थट्टा होई. "माशाला पन शेक देतात काय? माज्या कमरंला द्या की." आत्या हसे आणि पुढची बाटली भरायला घेई.

ठिपके गळाले. औषध चालूच ठेवले. ते परत आले नाहीत. पाच मासे वाचले.

मग आत्या डॉक्टरांकडे गेली. मी दाराबाहेर होते. माझ्या हाताने रोग आला नाही हे तुम्ही बोला, असे ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, अगं, ते आता सगळ्यांना कळलंच आहे, मला तर कधी शंकाच नव्हती. आत्या म्हणाली, "मला हितं नका सांगू. आई बोलल्या तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस असल्याने पडवीत माणसे मावत नव्हती. डॉक्टर बाहेर आले, पेटीजवळ उभे राहिले आणि त्यांनी माशांच्या रोगाची सगळी हकीकत सांगितली. नवे मासे, दुकान, तळाशी वाढणारे जीव, कोमट पाणी. चांगले समजावून सांगितले. लोकांनी माना हलवल्या. आत्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. डॉक्टरांच्या आई दारात उभ्या होत्या. सांगून झाल्यासारखे करून ते आत वळले.

आत्या बाटल्यांच्या मागून उठली. पदर सारखा केला.

"मंग माज्या हातानं नाय ना आला, डाक्टर?"

डॉक्टर थांबले. त्यांनी आईकडे पाहिले, मग बाकाकडे. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता, आणि मला त्यांची दया आली नाही.

"नाही," ते म्हणाले. "तिच्या हातानं नाही आला. तिच्या हातानं बरे झाले."

डॉक्टरांच्या आई आत निघून गेल्या. कुणी तरी खोकले. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

संध्याकाळी वाटेने मी तिच्याशी भांडले. माठ अजून कंपाउंडरच भरतो, मग मिळवलेस काय, असे मी म्हणाले.

"माठाचं तू बघ," ती म्हणाली. "तुजी पुस्तकं हायत. माजं आज झालं."