हिरवा होला आणि गोरा साहेब

फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला तोरणमाळच्या जंगलात शिकारीला आलेला गोरा साहेब आठवतो. वडील तिथे जंगलखात्याचे नाकेदार होते. आईच्या हातचे दाणे टिपणारा हिरव्या पंखांचा होला त्याने आमच्या अंगणातच छर्रे झाडून पाडला, भुसा भरायला ठेवला आणि वर मादीही मागितली. नोकरीपायी वडील ‘हो साहेब’ म्हणाले. आई मात्र पदर खोचून पुढे झाली आणि खाजकुइलीच्या शेंगांनी लगडलेल्या जाळीकडे, मादी तिथेच बसल्यासारखं, बोट करून म्हणाली, “तठे बठेल शे, साहेब. वाकीसन जा.” साहेब आत शिरला आणि अंग ओरबाडत, किंचाळत बाहेर आला. “आते शेणच लावनं पडी,” म्हणत आईने दोन्ही हातांनी त्याच्या तोंडाला शेण फासलं, आणि तो तिचे आभार मानत राहिला. आज मी म्हातारी झाले, तरी मला त्याची कीव येत नाही.