शर्ट हलवला आणि रापण सुटली

हसायचं तर खुशाल हसा. सगळं आचरा गाव हसून मोकळं झालंय, तुम्हीच का मागे राहता?

गावात मोबाईल नुकते येत होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या किराणा दुकानावरच्या खोलीत पुण्याचे एक प्राध्यापक उतरले होते. रोज चहा पिता पिता ते मला स्वच्छंदतावाद समजावत. माझी शाळा लवकर सुटली, पण चौकसपणा काही सुटला नाही!

"बुद्धीपेक्षा भावना मोठी, शेट. निसर्ग म्हणजे विकायचा माल नव्हे. अफाट समुद्रासमोर एकट्याने उभं राहा. भीती आणि आनंद एकदमच दाटून येतात, गुडघे थरथरतात. तिथे माणसाला स्वतःची ओळख पटते."

मी चाट! जन्म समुद्राकाठी गेला, गुडघे एकदाही हलले नव्हते. समुद्राकडे बघायचं ते बांगड्याचा भाव ताडायला. सगळं जग थरथरून घेणार आणि मी कोरडाच राहणार?

दुसऱ्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, किनाऱ्यावरच्या उंच खडकावर जाऊन उभा राहिलो. पाहिलं. खूप पाहिलं. मनात काय आलं? नारळाचा ट्रक तळेऱ्याला पोचला असेल का!

मग प्राध्यापकांचं आणखी एक वाक्य आठवलं, आतलं बाहेर येऊ द्यायचं, लाजायचं नाही. शर्ट काढला, डोक्यावर गरागरा फिरवला आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो.

आता, त्या खडकावर एरवी कोण चढतं? रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून लांबलचक जाळं ओढणाऱ्यांचा, टेहळ्या! माशांचा थवा दिसला की तो कापड फिरवतो आणि खाली जाळं घेऊन होडी सुटते. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण बुद्धी बाजूला ठेवली होती ना!

कित्येक दिवस त्या बिचाऱ्यांना मासळी लागली नव्हती. सगळी माझीच गिऱ्हाइकं.

खालून आरोळी उठली, "बांगडो इलो रे! धावा!"

होडी सुटली, जाळं पडलं, बायका टोपल्या घेऊन धावल्या. मला वाटलं, माझी भावना गावाला भिडली! मी शर्ट आणखी जोरात फिरवला.

हाताची सालं निघेपर्यंत त्यांनी रापण ओढली. आत शेवाळ आणि एक चप्पल.

रापणीचा म्होरक्या बाबलो तांडेल खडकावर आला. मागे सगळी माणसं.

"ओ शेट, मासो खंय आसा?"

"मासो नाय रे... मी समुद्र बघी होतंय."

"समुद्र? तो काय काल इलो? चला, आता जाळा उचला!"

भिजलेलं जाळं खांद्यावरून होडीपर्यंत वाहून घरी आलो, तर प्राध्यापक दारातच.

"काही जाणवलं का, शेट?"

"जाणवलं तर! भीती, गुडघे थरथरणं, स्वतःची ओळख, सगळं तुम्ही म्हणालात तस्सं. फक्त तेव्हा समुद्र माझ्या पाठीमागे होता."