काढू नका म्हटलेले फोटो

फोटो साठले की डिलीट करता येतात. किस्से करता येत नाहीत, ही आमची खरी अडचण आहे. आम्ही चौघं गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी कर्वेनगरात एका चहावाल्याकडे जमतो. प्रत्येकानं एक प्रिंट आणायची, ती कशी काढली ते सांगायचं आणि उरलेल्या तिघांचं ऐकून घ्यायचं, एवढाच कार्यक्रम. अ‍ॅपर्चर, शटर, उजेड यावर बोलणं सुरू होतं आणि दर वेळी गाडी एकाच स्टेशनात जाऊन थांबते: हा फोटो काढू नका असं कोण म्हणालं होतं? बऱ्या निघालेल्या प्रत्येक फोटोच्या आधी कुणीतरी ‘नाही’ म्हणालेलं असतंच. आता तर कुणी काही म्हणालं नाही तर फोटोत दम नाही असं आम्हालाच वाटायला लागलंय.

* * *

आमच्यात ज्येष्ठ म्हणजे गोडबोले काका. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं आणि त्यातलं निम्मं टोचणारं. एकदा ते एका बागेत राखी धनेश पक्ष्याचा फोटो काढायला गेले. झाडाच्या ढोलीत मादी बसलेली आणि नर बाहेरून तिला फळं भरवतोय, असं दृश्य होतं. फाटकावरच्या वॉचमननं अडवलं. मोबाईल चालेल, कॅमेरा चालणार नाही. का, तर वरून ऑर्डर आहे. आतमध्ये शेकडो मोबाईल फोटो काढत फिरत होते, ते काकांनी दाखवून दिलं. वॉचमन म्हणाला, ते मोबाईल आहेत.

काकांनी वाद घातला नाही. बाहेर आले, रस्त्याच्या बाजूनं झाडासमोर गेले आणि फुटपाथवर रुमाल अंथरून बसले. मध्ये बागेचं लोखंडी कुंपण. काकांनी लांब लेन्स गजांना अगदी चिकटवली आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं. असं केलं की लेन्सजवळचे गज इतके पुसट होतात की फोटोत उमटतच नाहीत. धनेश पुन्हा फळ घेऊन आला तोवर काका ऊन खात बसून राहिले.

वॉचमन आतल्या बाजूनं येऊन बघत उभा राहिला होता. काकांनी त्याला स्क्रीनवर फोटो दाखवला. चोचीत फळ, ढोलीतून बाहेर आलेलं मादीच्या चोचीचं टोक, सगळं स्वच्छ. त्यानं फोटो पाहिला, कुंपण पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि विचारलं, “पण गज कुठं गेले?”

काका रुमाल झटकत म्हणाले, “तुम्ही लावलेत ना, म्हणून तुम्हालाच दिसतात.”

* * *

दुसरा सुधीर वानखेडे. मूळचा अकोल्याचा, इथं एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. त्याच्याकडे कॅमेरा नाही, सगळं काम मोबाईलवर. त्याचा एक फोटो आहे: रात्रपाळी करून परतणारा त्याचा रूममेट कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलाय, तोंड किंचित उघडं आणि नुकत्याच पडलेल्या उन्हाची पट्टी एका गालावर. चालत्या बसमध्ये असा स्थिर फोटो कसा आला, हे आम्ही विचारलं. तो म्हणाला, सीटला टेकून काढला तर बसची थरथर हातात उतरते. म्हणून तो मधल्या जागेत गुडघे सैल सोडून उभा राहिला होता. बाकीची बस त्याला बस म्हणत होती.

‘पुण्याचे चेहरे’ अशा विषयाची स्पर्धा होती, तिथे त्यानं हा फोटो पाठवला. परीक्षकांनी सगळ्यांसमोर एकेका फोटोवर टिप्पणी केली. आजूबाजूला पगड्या होत्या, नऊवारी होती, दोन सायकली होत्या. सुधीरच्या फोटोपाशी ते थांबले. प्रकाश चांगला आहे म्हणाले, पण यात पुणं कुठंय? हा माणूस पुण्याचा वाटत नाही. कुठला आहे हा?

सुधीर मागच्या रांगेतून उठून म्हणाला, “अकोल्याचा आहे सर. पण पाणी इथलं पितो, भाडं इथं देतो, अन् झोपतो पण इथंच. फोटोत तेच चालू आहे.”

हॉलमध्ये हशा पिकला, बक्षीस काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी विषय होता ‘माझं शहर’. सुधीरनं तोच फोटो पाठवला. त्याच्या पुढच्या वर्षी ‘सकाळ’. पुन्हा तोच. आम्ही त्याला म्हटलं, अरे, दुसरं काहीतरी पाठव, तुझ्याकडे चांगले फोटो आहेत. तो म्हणाला, चांगले आहेत म्हणून तर घाई नाही. आधी याला पुणेकर करून घेऊ.

रूममेटला अजून पुण्याचं नागरिकत्व मिळालेलं नाही. फोटो मात्र दर वर्षी जातो.

* * *

माझं काम खराडीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी स्वतःच्या. शिवाय नात्यातल्या समारंभांना मी फुकटची फोटोग्राफर. मावसबहिणीच्या साखरपुड्याला तर पाहुणी म्हणून बोलावलंय की फोटोग्राफर म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी मावसबहीण सावळी आहे, आणि फोटोत फार छान दिसते. नवरा मुलगा एकदम गोरा. दोघं शेजारी बसले आणि मी दोन-तीन फोटो काढले, तेवढ्यात मुलाकडच्या आत्याबाई माझ्यामागे येऊन स्क्रीनमध्ये डोकावल्या. आमच्याकडच्या ग्रुपवर टाकायचेत, तेव्हा मुलीला जरा उजळ कर, हल्ली सगळं करता येतं म्हणे. आवाज बारीक नव्हता. बहिणीला ऐकू गेलं. सकाळपासून पार्लरवालीनं तिच्या चेहऱ्यावर तेच काम केलेलं होतं. ती मान खाली घालून बांगड्या फिरवत बसली.

मला खूप काही बोलायचं होतं. मावशी समोरून डोळ्यांनी मला ‘गप्प’ म्हणत होती. मग मी टेक्निकल बोलायचं ठरवलं. आत्याबाईंना जवळ बोलावलं, एक फोटो उघडला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उजेड वाढवत नेला. बहीण थोडी उजळली. मुलाचं नाक गेलं. आणखी वाढवला. बहीण अजून उजळली आणि मुलाच्या जागी एक पांढरा डाग, त्याखाली शेरवानी.

मी म्हटलं, “आत्या, हिला उजळवलं की नवरा उडतो. ठेवायचाय का नको, तेवढं सांगा.”

आधी मुलगा हसला. मग बहीण जी हसली, ती पार खुर्चीवर मागे रेलून, दागिने, पदर, पार्लर सगळं विसरून. माझा हात शटरवरच होता. मावशी मात्र जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

* * *

गायकवाड मॅडम सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि किड्यांचे फोटो काढायला लागल्या. सोसायटीतल्या जास्वंदीच्या कुंपणाजवळ त्या पोटावर झोपतात. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून त्यावर दुधाची धुतलेली पिशवी ताणून बांधलेली असते. श्वास रोखून, उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांवर फोकस साधायचा, हे त्यांचं पेन्शनीतलं काम.

सोसायटीच्या चेअरमनना ते पटेना. आपल्या वयाला, आपल्या पदाला हे शोभत नाही, मेंबर कुरकुर करतात, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. मॅडमनी चहा दिला आणि कोणत्या नियमात बसत नाही ते विचारलं. चेअरमन म्हणाले, नियम असा नाही, पण चालत नाही. मॅडम म्हणाल्या, “‘तुम्हाला हे चालत नाही’ हे ऐकून घेणं आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच बंद केलंय. दुसरं काही असेल तर सांगा.”

चेअरमनना दुसरं सुचलं. पुढच्या आठवड्यात कुंपणावर औषध फवारायचं ठरलं. कोळी फार झालेत, मुलांना धोका आहे, म्हणून.

मॅडमनी मोठ्या प्रिंट काढल्या आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावल्या. एकेका कोळ्याचा चेहरा ताटाएवढा, डोळे असे की बघणाऱ्याकडेच बघतायत. खाली लिहिलं: ‘रहिवासी, बी विंग. डास खातात. चावायला येत नाहीत. पार्किंग लागत नाही.’ दोन दिवसांत सोसायटीतली मुलं आईवडिलांना ओढत कुंपणापाशी नेऊ लागली. मीटिंगमध्ये फवारणीचा विषय आला तेव्हा बहुतेक हात विरोधात वर गेले.

चेअरमन चिडले. म्हणाले, आता या कोळ्यांना कमिटीतही घ्या.

मॅडम म्हणाल्या, “घ्यायला हरकत नाही. आठ पाय आहेत, पण कुणाचे ओढत नाहीत.”

* * *

मागच्या वर्षी गोडबोले काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. ज्याकडे बघावं त्याच्या कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. समोर माणूस असला तर खांदे दिसतात, केस दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुकं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. मुलानं समजुतीनं सुचवलं की आता कॅमेरा कुणाला तरी देऊन टाकावा. काका त्या रविवारी चहाला आले तेव्हा कॅमेरा गळ्यातच होता.

आम्हा चौघांच्या फोटोंचं एका हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी त्यांनी काकूंचा फोटो काढायचं ठरवलं. काकूंना घरातल्या खिडकीत बसवलं. लेन्सवर साधी काच लावली आणि गायकवाड मॅडमना त्या काचेच्या मध्यावर बोटानं व्हॅसलीन लावायला सांगितलं. जिथे लावाल तिथे चित्र विरघळतं, बाकीचं स्वच्छ राहतं. काका मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून स्क्रीन बघायचे आणि सांगायचे: जास्त झालं. कपाळ मला थोडं दिसतं. हनुवटी नाही दिसत, तिथे अजून लावा. मॅडम पुसायच्या, पुन्हा लावायच्या. काकू सगळा वेळ हलल्या नाहीत. शेवटी काका म्हणाले, हं, हे बरोबर.

त्या फोटोत खिडकीचे गज, कुंडीतली तुळस, साडीचे काठ, मांडीवरचे हात, सगळं लख्ख आहे. मध्ये चेहरा नाही. उजेडाचं धुकं आहे.

हॉलच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही चहालाच होतो. फोन स्पीकरवर होता. फोटो बदलून द्या, ते म्हणाले. पोर्ट्रेट म्हणता आणि चेहराच दिसत नाही, लोक काय म्हणतील?

काका शांतपणे म्हणाले, “मला माझी बायको अशी दिसते. तुम्हाला तुमची कशी दिसते, ते तुम्ही लावा.”

आम्ही तिघांनीही कळवून टाकलं की तो फोटो नसेल तर आमचेही नाहीत. फोटो लागला. पाण्याच्या कूलरशेजारी, अगदी कोपऱ्यात, पण लागला.

उद्घाटनाच्या दिवशी काकू त्याच साडीत आल्या आणि फोटोशेजारच्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायला आलेले एक गृहस्थ पेला हातात धरून बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले. साडीचे काठ पाहून त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी काकूंना विचारलं, या तुम्हीच का? काकू हो म्हणाल्या. गृहस्थांनी एकदा फोटोकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि मान हलवली.

“खरं सांगू? यात तुम्ही ओळखूच येत नाही.”

काकूंनी पदर सारखा केला.

“ह्यांना येते ओळखू. आपण कोण?”